एकाच शहरातले दोन गेलिक फुटबॉल क्लब: विलीन करावेत का?

मैदानकाठ
प्रश्न आयर्लंडमधल्या एका मध्यम शहराचा आहे. गेलिक फुटबॉलचे (पंधरा-पंधरा जणांचा आयरिश खेळ) दोन क्लब, मोठ्यांच्या स्पर्धेत एक इंटरमीडिएट म्हणजे मधल्या गटात, दुसरा ज्युनियर म्हणजे त्याखालच्या गटात. दोघांची मैदानं गाडीने पाच मिनिटांवर. इंटरमीडिएटवाल्यांकडे बारा वर्षांखालची मुलं भरपूर, पण मैदान एकच आणि नोव्हेंबर लागला की त्याचा चिखल. ज्युनियरवाल्यांकडे दोन मैदानं, क्लबहाऊस आणि थोडं कर्ज. पण सतरा वर्षांखालच्या संघाला पंधरा मुलं जमत नाहीत, त्यामुळे यंदा सामने सोडून द्यावे लागले. दोन्ही कमिट्यांत विलीनीकरणाची भाषा सुरू झाली आहे. काउंटी बोर्डाकडे (काउंटीतला हा खेळ चालवणारं मंडळ) जाण्याआधी काय तपासावं? विलीनीकरण न करता भागेल असा मार्ग आहे का? भावनेची बाजू ठाऊक आहे, आकडे आणि प्रक्रिया सांगा.

जन्मवर्ष
सुरुवात जन्मवर्षांपासून करा, मोठ्यांच्या संघापासून नको. फॉरन या नोंदणी प्रणालीतून दोन्ही क्लबांच्या याद्या काढा आणि प्रत्येक जन्मवर्षासमोर दोन आकडे लिहा: नोंदलेली मुलं किती, आणि गेल्या महिन्यात सरावाला खरोखर आलेली किती. दुसराच आकडा धरायचा.

पंधराच्या संघाला २२ ते २४ नावं लागतात. दुखापत, सुट्टीवर गेलेलं कुटुंब, जूनमधली लीव्हिंग सर्ट ही शाळेची शेवटची परीक्षा, दुसरा खेळ, एवढं वजा जाता पंधरा उरले पाहिजेत. वयोगट दोन वर्षांचा असेल तर एका जन्मवर्षात किमान १२ मुलं हवीत. त्यापुढे शहरातल्या प्राथमिक शाळांत ज्युनियर इन्फंट्सच्या (सगळ्यात पहिल्या) वर्गात किती मुलं येत आहेत ते विचारा. खालच्या प्रत्येक जन्मवर्षात १४-१५ मुलं दिसत असतील आणि फक्त सतराच्या आतबाहेर दोन वर्षं रिकामी असतील, तर तो खड्डा तात्पुरता आहे. तात्पुरत्या खड्ड्यासाठी क्लब मोडू नये. उलट खालपर्यंत पाच-सहाच मुलं असतील तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा हिशेब जागांचा. आज दोन्ही क्लबांचे मोठ्यांचे प्रत्येकी दोन संघ असतील तर ६० जण सुरुवातीपासून मैदानात उतरतात. विलीन क्लब बहुधा तीन संघ उतरवतो, म्हणजे ४५. पंधरा जागा एका फटक्यात गेल्या. जाणारे कोण, तर अठरा-एकोणीस वर्षांची, अजून अंगाने न भरलेली मुलं आणि तिशी ओलांडलेले. त्यातली मुलं एकदा घरी बसली की परत येत नाहीत. विलीनीकरणाच्या बाजूने बोलणारे हा आकडा मांडत नाहीत, तो सभेत मांडाच.

उजवी_फळी
मधला मार्ग आहे. काउंटी बोर्डाच्या परवानगीने फक्त कुमार गटांत संयुक्त संघ काढता येतो. मुलं आपापल्या क्लबची सभासद राहतात आणि मोठी झाली की आपल्याच क्लबकडून खेळतात. अर्ज वेळेत गेला पाहिजे, नियम काउंटीगणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचे उपनियम हातात घेऊनच बसा.

पण तीन गोष्टी बिघडतात. बारा वर्षांखाली गो गेम्समध्ये (लहान मुलांचे सामने) जिंकण्या-हरण्याला महत्त्वच नसतं. तिथे मुलं एकत्र केली तर फक्त खेळण्याचा वेळ कमी होतो. तिथे दोन्ही क्लब वेगळेच ठेवा आणि संयुक्त संघ पंधरा वर्षांखालून पुढे काढा. दुसरं, सराव एकाच मैदानावर ठेवला की दुसऱ्या क्लबची मुलं हळूहळू गळतात. आलटून पालटून घ्या. तिसरं, प्रशिक्षक एकाच क्लबचे असतील तर निवडीवरून पहिल्याच महिन्यात भांडण होतं. दोन निवडकर्ते इथले, दोन तिथले, हे हंगामाआधी लिहून ठेवा.

मोठ्यांसाठी केरी काउंटीकडे पाहा. तिथल्या किलार्नी शहरात डॉ. क्रोक्स, लीजन आणि स्पा हे क्लब वेगळेच आहेत. शहराला लागूनच असलेला फोसा हा छोटा क्लबही विलीन झाला नाही आणि जानेवारी २०२३ मध्ये अखिल आयर्लंड ज्युनियर क्लब विजेता ठरला. नामवंत फुटबॉलपटू डेव्हिड क्लिफर्ड तिथलाच. काउंटीच्या सीनियर स्पर्धेत मात्र तो ईस्ट केरी या विभागीय संघाकडून (भागातल्या लहान क्लबांचे खेळाडू मिळून होणारा संघ) खेळला, आणि त्या संघाने २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ ही चार विजेतेपदं घेतली. क्लब लहान राहिला आणि चांगल्या खेळाडूला वरची पातळीही मिळाली. तुमच्या काउंटीत विभागीय संघ नसतील तर हा मार्ग बंद, कारण ती स्पर्धेची रचना आहे, दोन क्लबांनी ठरवून होत नाही.

विलीनीकरण फसतंच असंही नाही. कॉर्कचा नीमो रेंजर्स १९२२ मध्ये नीमो आणि रेंजर्स मिळून झाला, आणि अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा त्याने सात वेळा जिंकली. दोन्ही नावं आजही नावात आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

हिशेबनीस
कागदांबद्दल. मैदान विश्वस्तांच्या नावावर जीएएसाठी (गेलिक खेळांची मुख्य संघटना) धरलेलं असतं, ते कमिटीच्या मालकीचं नसतं. वकिलाकडून आधी एवढं काढून घ्या: मालकी नोंद कुणाच्या नावावर आहे (पुष्कळदा मयत विश्वस्तांच्या नावावर निघते, आणि ते दुरुस्त होण्यात महिने जातात), जमीन देणाऱ्याने काही अट घातली होती का, आणि मोठं सरकारी क्रीडा अनुदान घेतलं असेल तर त्याचा बोजा जमिनीवर आहे का.

कर्जाबद्दल बँकेचं लेखी उत्तर हवं. कोणी वैयक्तिक हमी दिली असेल तर तो माणूस विलीनीकरणानंतरही अडकलेला राहतो. त्याची हमी सुटल्याशिवाय सही करू नका. रेव्हेन्यूची (आयर्लंडचं करखातं) क्रीडा संस्थेची करमाफी नव्या संस्थेला आपोआप मिळेल असं धरू नका. बारचं नोंदणी प्रमाणपत्रही क्लबच्या नावाने असतं, तेही नव्याने करावं लागेल. आणि लोट्टो, म्हणजे क्लबची निधीसाठीची सोडत! साठलेला जॅकपॉट तिकीट घेणाऱ्यांचा आहे, क्लबची शिल्लक नव्हे. दोन्ही लोट्टो चालू असतील तर एक जॅकपॉट जाहीर तारखेला निकाली काढा, मगच दुसरा पुढे न्या.

मैदानकाठ
फार उपयोग झाला. दोन शंका. एक झालो तर एक मैदान विकून कर्ज फेडावं असा सूर आहे. आणि गट कोणता मिळतो?

जन्मवर्ष
गट काउंटी बोर्ड ठरवतं, पण वरचाच मिळेल असं धरून चाला. म्हणजे ज्युनियरचे खेळाडू एक तर इंटरमीडिएटमध्ये झगडतील किंवा दुसऱ्या संघात जातील. शिवाय पहिल्या संघाकडून स्पर्धा खेळलेल्याला त्याच हंगामात खालच्या संघात उतरायला बंधनं असतात. दुसऱ्या संघाची यादी कागदावर मोठी आणि शनिवारी छोटी दिसते ती यामुळेच.

मैदान विकू नका. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असतं. एवढी सपाट जागा शहराजवळ पुन्हा मिळत नाही. विलीन झाल्यावर संघ वाढतात, आणि ओल्या हिवाळ्यात गवताच्या एका मैदानावर रोज संध्याकाळी सराव घेतला तर गोलसमोरचा भाग जानेवारीतच उघडा पडतो. तुमच्या इंटरमीडिएटवाल्यांचं दुखणं नेमकं तेच आहे. दोन क्लब राहूनसुद्धा मैदानाचा वापर भाड्याने ठरवता येईल: आठवड्याचे तास, दिव्यांची वीज, गवत कापणं कुणाकडे, विमा कुणाचा. कर्जही त्यातून हलकं होईल.

लाल_पिवळा
महिला फुटबॉलची संघटना वेगळी आहे, १९७४ पासून. कॅमोगी या महिलांच्या काठी-चेंडूच्या खेळाची १९०४ पासून वेगळी. पुरुषांचे क्लब एक झाले म्हणजे मुलींचे संघ आपोआप एक होत नाहीत. त्यांची सभा, संलग्नता, नाव सगळं वेगळं. त्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा, नाहीतर सरावाच्या वेळापत्रकात त्या शेवटी उरतात.

उजवी_फळी
मतदानाबद्दल एवढंच. एकत्र सभा घेऊ नका, मोठा क्लब छोट्याला हरवतो. दोन वेगळ्या विशेष सभा, एकाच संध्याकाळी, गुप्त मतदान, आणि प्रत्येक क्लबात त्याच्या घटनेने मागितलेलं बहुमत. ठरावासोबत नाव, रंग, मुख्य मैदान आणि पहिल्या कमिटीतल्या जागांची वाटणी छापलेली हवी. "रंग नंतर ठरवू" म्हटलं की पुढचं वर्ष त्यातच जातं. काउंटी अधिवेशन हिवाळ्याच्या तोंडावर असतं, त्यामुळे नव्या हंगामात एक म्हणून उतरायचं असेल तर सप्टेंबरपर्यंत मसुदा सभासदांच्या हातात पडायला हवा. ज्यांना नव्या क्लबात यायचं नाही त्यांच्या बदलीचं काय, हे बोर्डाकडून मतदानाआधी लेखी घ्या.