प्रबंध दिलाय, व्हायवा बाकी: स्टोरेज सिस्टिम्समध्ये पोस्टडॉकसाठी अर्ज कधी आणि कसा?

कोकणवाट
नमस्कार. राज्य विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध सादर झालाय, परीक्षकांचे अहवाल यायचे आहेत, मग व्हायवा (तोंडी परीक्षा). विषय एलएसएम-ट्रीमधलं (डेटा डिस्कवर फाइल्सच्या थरांत ठेवणारी रचना) कॉम्पॅक्शन, म्हणजे त्या फाइल्स एकत्र करून नव्याने लिहिणं; सगळं काम रॉक्सडीबी या डेटाबेस इंजिनवर. एक कॉन्फरन्स पेपर आलाय, दुसरा रिव्ह्यूमध्ये आहे. पदवी हातात नसताना पोस्टडॉकला (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनपद) कुठे कुठे अर्ज चालतो? व्हिसाच्या बाजूने आधीच काय बघून ठेवावं? आणि प्राध्यापकांना ईमेल पाठवतो त्यांना उत्तरच येत नाही, त्यात नेमकं काय लिहावं?

सह्यधार
पदवीचं आधी सांगतो. केंद्र सरकारच्या संशोधन निधी संस्थेच्या, म्हणजे एएनआरएफच्या (पूर्वीचं एसईआरबी), नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला प्रबंध सादर केलेल्यांचा अर्ज चालतो, फक्त पदवी होईपर्यंत रक्कम कमी मिळते. मुदत २ वर्षं, वयोमर्यादा ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. मेंटॉर आधी ठरलेला लागतो आणि त्यांच्या संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्रही. ते पत्र शेवटच्या दिवसात मागायला गेलात तर अर्ज राहिलाच समजा.

युरोपच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपची अंतिम तारीख साधारण सप्टेंबरात असते. तिथे नुसता सादर केलेला प्रबंध पुरत नाही, पदवीची अट अंतिम तारखेशी बांधलेली असते. व्हायवा झाला पण पदवी दिली गेली नाही, अशांसाठी काय नियम आहे ते त्या वर्षीच्या कॉलमध्येच (अर्ज मागवणाऱ्या सूचनेत) वाचा. म्हणून आत्ताच विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जाऊन कोणत्या परीक्षकाचा अहवाल अडलाय ते विचारा आणि गाइडमार्फत स्मरणपत्र जाऊ द्या. व्हायवा झाला की नोटिफिकेशन (पदवी मंजूर झाल्याचं विद्यापीठाचं पत्र) लगेच हातात घ्या, पदवीदान समारंभाची वाट बघू नका.

दुसरी अट वास्तव्याची: ज्या देशात जायचं तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. गुणांची विभागणी ५०, ३० आणि २० टक्के: संशोधनाचा दर्जा, परिणाम, अंमलबजावणी. मुख्य प्रस्ताव १० पानांचा. संगणकशास्त्रातली मंडळी त्यातली ७ पानं तांत्रिक भागावर घालवतात आणि ३० टक्क्यांचा विभाग दोन परिच्छेदांत उरकतात. चांगले प्रस्ताव तिथेच मागे पडतात.

अमेरिकेत पोस्टडॉक बहुधा जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर, रिसर्च स्कॉलर या वर्गात. कमाल ५ वर्षं. खोच अशी की सहा महिन्यांत परत आलात आणि तो प्रोग्रॅम बंद झाला, तरी पुन्हा त्याच वर्गात जायला २४ महिने थांबावं लागतं. त्यामुळे मधे एखाद्या लॅबने चार महिन्यांसाठी बोलावलं तर कागदपत्रं शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून करायला सांगा, त्याला हा २४ महिन्यांचा अडसर लागत नाही. दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीची भीती आता कमी झालीय: ही अट ज्या देशांना लागते त्यांच्या यादीत, म्हणजे स्किल्स लिस्टमध्ये, ९ डिसेंबर २०२४ पासून भारत नाही. मात्र सरकारी पैशावर गेलात, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, तर ती अट राहतेच.

पानगळ
ईमेलबद्दल. ‘आपल्या कामाने प्रभावित झालो’ हे वाक्य काढून टाका, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. विषयाच्या ओळीत पद, क्षेत्र आणि तारीख: पोस्टडॉक, एलएसएम कॉम्पॅक्शन, अमुक महिन्यापासून उपलब्ध. मजकूर दोनशे शब्दांच्या आत. पहिल्या दोन ओळींत तुमचा निकाल आकड्यासह: कोणत्या वर्कलोडवर (कामाच्या भारावर) राइट अँप्लिफिकेशन (मूळ डेटाच्या किती पट डिस्कवर लिहिलं जातं) किती होतं, किती झालं आणि त्यासाठी रीडमध्ये किती किंमत मोजली. किंमत सांगितली नाहीत तर सिस्टिम्सवाला माणूस तिथेच शंका घेतो. मग त्यांच्या एका ठरावीक पेपरमधली मोकळी जागा दाखवा. समजा त्यांचे प्रयोग एकसारख्या आकाराच्या व्हॅल्यूंवर आहेत, तर व्हॅल्यूंचे आकार मिसळले की त्यांची पद्धत कुठे ताणली जाईल आणि ते पहिल्या सहा महिन्यांत कसं तपासाल, तीन ओळींत. सीव्ही पीडीएफमध्ये, कोडचा दुवा, रेफरन्स देणाऱ्या तिघांची नावं. संपलं.

ईमेल केव्हा पाठवता यालाही महत्त्व आहे. थिअरीत पोस्टडॉकचा हंगाम असतो, हिवाळ्यात अर्ज आणि वसंतापर्यंत निकाल. सिस्टिम्समध्ये जागा ग्रँट मिळाली की निघते, वर्षभर कधीही. म्हणून उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढचं नाव घ्या. मोठ्या कॉन्फरन्सच्या डेडलाइनच्या आठवड्यात पाठवलेलं पत्र सहसा कुणी उघडत नाही. फास्ट किंवा ओएसडीआय या स्टोरेज-सिस्टिम्सच्या कॉन्फरन्सच्या तारखा बघून पाठवा.

कोकणवाट
दोघांचेही मनापासून आभार. कोड गिटहबवर आहे, पण ग्राफ लॅपटॉपवर काढलेले आहेत. चालतील?

पानगळ
तसेच पाठवू नका. लॅपटॉपवर तीन गोष्टी आकडे बिघडवतात. प्रोसेसर तापला की वेग आपोआप उतरतो. घरगुती एसएसडीत एसएलसी कॅश नावाचा छोटा, वेगवान भाग असतो, तो भरला की राइटचा वेग एकदम पडतो. आणि १६ जीबी रॅमवर १० जीबी डेटा घेतला असेल तर बहुतेक रीड पेज कॅशमधूनच (रॅममध्ये ठेवलेल्या प्रतीतून) येतात, डिस्कला हात लागतच नाही.

डेटा रॅमच्या निदान पाच-सहा पट घ्या. डीबी_बेंचमध्ये (रॉक्सडीबीचं वेग मोजायचं साधन) आधी फिलरँडम या चाचणीने स्टोअर भरा आणि मोजणी नंतरच्या ओव्हरराइट या चाचणीची करा, तीही कॉम्पॅक्शन स्थिरावल्यावर. प्रत्येक रनआधी लिनक्सची सिंक आज्ञा, मग ड्रॉप_कॅशेस फाइलमध्ये ३ लिहा, म्हणजे पेज कॅश रिकामी होते.

ग्राफमध्ये घसरण दिसली की कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. रॉक्सडीबीच्या लॉग फाइलमध्ये स्टॉलच्या (राइट मंदावल्या किंवा थांबल्याच्या) ओळी असतात. डीफॉल्टला लेव्हल-० मध्ये (डिस्कवरच्या पहिल्या थरात) ४ फाइल्स झाल्या की कॉम्पॅक्शन सुरू होतं, २० ला राइट मंदावतात, ३६ ला थांबतात. घसरण त्या ओळींच्या वेळेशी जुळली तर दोष कॉम्पॅक्शनचा. लॉग स्वच्छ असेल तर आधी डिस्क किंवा तापमान तपासा.

सह्यधार
यात एक भर. प्रयोग एका स्क्रिप्टवर चालतील असं करा आणि रीडमीमध्ये मशीन, कर्नल, एसएसडीचं मॉडेल आणि रॉक्सडीबीची आवृत्ती लिहा. युझेनिक्सच्या (फास्ट, ओएसडीआय भरवणारी संघटना) आर्टिफॅक्ट तपासणीत, म्हणजे पेपरसोबतच्या कोड आणि डेटाच्या तपासणीत, उपलब्ध, चालणारं आणि निकाल पुन्हा मिळालेलं असे तीन बॅज असतात. रिव्ह्यूमधला पेपर स्वीकारला गेला आणि तिथे अशी तपासणी असली तर तिसऱ्यासाठी प्रयत्न कराच. ज्यांच्याकडे जायचं ते तुमचा कोड स्वतःच्या मशीनवर चालवून बघतील, हे धरूनच तो ठेवा.