मदत हवी आहे: नव्या ऑफ-रोड गाडीची रीसेल किंमत किती वेगाने उतरते? नवी घ्यावी की तीन वर्षं वापरलेली?

आडवाट

नमस्कार मंडळी. लॅडर चेसिस (शिडीसारखा लोखंडी सांगाडा) आणि लो रेंज (जास्त ओढीचे हळू गिअर) असलेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायची आहे. वापर म्हणजे रोजचा डांबरी रस्ता, महिन्यातून दोनदा कच्ची वाट, क्वचित ओढा ओलांडणं. चार वर्षांनी विकायचा विचार आहे. शोरूमची पूर्ण किंमत सात वर्षांच्या कर्जातून, कर आणि नोंदणी खिशातून.

हे कळायला हवं आहे:

– पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत किती उतरते, आणि ठरावीक मॉडेलसाठी ते काढायचं कसं?
– त्यापेक्षा तीन वर्षं वापरलेली गाडी बरी का?
– लिफ्ट (गाडी उंच करणं), मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) यांचे पैसे विकताना परत येतात का?
– जुनी घेतलीच तर खाली वाकून नेमकं काय बघायचं?

सगळ्याच गाड्या उतरतात हे माहीत आहे. शक्य तितकं आकड्यांत सांगा.

हिशोबी

सगळ्या मॉडेलांना लागू होईल असा एक टक्का नाही, पण हिशोबाची रीत एकच आहे. शोरूम किंमत १०० धरा. कर आणि नोंदणी मिळून समजा १२, म्हणजे तुमच्या खिशाला ११२. हे वरचे १२ पहिल्याच दिवशी गेले असं समजा, कारण पुढचा गिऱ्हाईक शोरूमच्या किमतीशी तुलना करतो, तुम्ही भरलेल्या कराशी नाही.

आता दोन नमुने घेऊ. आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत.

पहिला, वेगाने उतरणारा: पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के. वर्षाअखेरीच्या किमती ८०, ६८, ५७.८, ४९.१.

दुसरा, किंमत धरून राहणारा: पहिल्या वर्षी १० टक्के, पुढे ७ टक्के. किमती ९०, ८३.७, ७७.८, ७२.४.

नवी घेऊन चार वर्षांनी विकली तर पहिल्यात ६२.९ जातात, दुसऱ्यात ३९.६. तीन वर्षांची घेतली, नाव बदलणं आणि राहिलेली कामं यासाठी ४ धरले आणि चार वर्षं वापरली, तर पहिल्यात ३१.६ जातात, दुसऱ्यात २३.६. म्हणजे जुनी घेऊन वेगाने उतरणाऱ्या मॉडेलमध्ये ३१ वाचतात, टिकणाऱ्यात १६. या १६ मधून टायरचा पूर्ण संच, क्लच आणि एकदा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) उघडणं एवढं निघालं की फरक जवळपास संपतो. म्हणून माझं मत असं: वेगाने उतरणारं मॉडेल जुनं घ्या. टिकणारं मॉडेल नवं घेणं चुकीचं नाही, विशेषतः आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली याचा कागद हातात नसेल तर.

तुमच्या कर्जाबद्दल मला जास्त काळजी वाटते. मुद्दल १००, मुदत ८४ महिने, व्याज १० टक्के धरलं तर शिल्लक कर्ज पहिल्या वर्षाअखेर ८९.६, मग ७८.१, ६५.५, चौथ्या वर्षी ५१.४. वेगाने उतरणाऱ्या गाडीची किंमत त्याच वेळी ८०, ६८, ५७.८, ४९.१. चौथ्या वर्षी विकलीत तरी बँकेचं देणं फेडायला पदरचे थोडे घालावे लागतील, आणि दुसऱ्या वर्षी विकावी लागली तर १० घालावे लागतील. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विम्याचा दावाही साधारण त्या दिवसाच्या किमतीवर ठरतो, कर्जाच्या शिलकीवर नाही. मुदत पाच वर्षांवर आणा किंवा २० टक्के आधी भरा.

लो_रेंज

ठरावीक मॉडेलचा आकडा असा काढा. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तीच ट्रिम (सुविधांची पातळी) असलेल्या १५-२० जाहिराती गोळा करा. वर्ष, किलोमीटर, मागितलेली किंमत लिहा. सरासरी न काढता किमती क्रमाने लावून मधली घ्या, म्हणजे एखाद्या अवाजवी जाहिरातीने हिशोब बिघडत नाही. तीन आठवड्यांनी त्याच जाहिराती पुन्हा बघा. ज्या लगेच निघून गेल्या त्यांची किंमत बाजारभावाच्या जवळची, ज्या अजून तशाच आहेत त्यांची जास्त.

यात एक हमखास चूक होते. जुन्या गाडीची किंमत आजच्या नव्या किमतीशी ताडू नका, ती गाडी घेतली तेव्हाच्या किमतीशी ताडा. दुसरं म्हणजे २०२१-२२ मधले व्यवहार धरू नका. चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्यांचे भाव जगभर चढले होते. त्या काळातला आकडा पुढच्या चार वर्षांबद्दल काही सांगत नाही.

काही मॉडेलं किंमत का धरतात याचं उत्तर बहुतेक वेळा पुरवठ्यात आणि साधेपणात असतं. २०१८ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या सुझुकी जिम्नीसाठी अनेक देशांत मोठी प्रतीक्षायादी होती, त्यामुळे ताबडतोब मिळणारी वापरलेली गाडी नव्याच्या जवळपास किमतीला जायची. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं आणि त्यानंतर चांगल्या ठेवलेल्या गाड्यांना मागणी वाढली. टोयोटा लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ पासून चालू आहे. एवढ्या लांब चाललेल्या मालिकेचे भाग आणि ती जाणणारे मिस्त्री मिळतात, हे जुनी घेणाऱ्याला पैसे मोजायला लावतं.

उलट एअर सस्पेन्शन, ढीगभर इलेक्ट्रॉनिक्स आणि पूर्ण चामडी केबिन असलेल्या महागड्या गाड्या वॉरंटी संपायच्या सुमाराला जोरात उतरतात. पुढच्या बिलाची भीती गिऱ्हाईक किमतीतून वजा करतो. नव्या गाडीवर शोरूममध्ये सूट सुरू झाली की त्याच दिवशी जुन्यांचा भाव खाली येतो, आणि नवी पिढी जाहीर झाली की पुन्हा एक पायरी उतरतो. घेण्याआधी सध्याची पिढी किती वर्षांची झाली आहे ते बघा. पाच-सहा वर्षं जुनी पिढी नवी घेतलीत तर तुमच्या चार वर्षांतच ती मागची पिढी ठरण्याची शक्यता मोठी.

ग्रीसगन

खाली काय बघायचं ते क्रमाने सांगतो. मालकाला आधीच सांगा: गाडी धुवू नका, आणि इंजिन थंड असू द्या.

चेसिस. लॅडर चेसिसच्या पेटीत चिखल साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा भाग, स्प्रिंगचे हँगर, आडव्या पट्ट्यांचे जोड इथे छोट्या हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज हवा. बद आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तिथेच थांबा. बाकी सगळं बदलता येतं, चेसिस बदलणं परवडत नाही.

ऑइल. पुढचा डिफ (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा डबा), मागचा डिफ, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स. आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा, मगच सोडायचा प्लग उघडा. नाहीतर ऑइल निघून जातं आणि भरता येत नाही. दुधाळ कॉफीसारखा रंग म्हणजे पाणी शिरलं आहे. हे का होतं: तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. चुंबकाच्या प्लगवर करडी बारीक पेस्ट असणं साहजिक आहे, कपची किंवा दाताचा तुकडा असणं नाही.

पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल असेल तर नकलवरचा (चाक वळतं त्या सांध्यावरचा) गोळा बघा. तिथे ग्रीस आणि गिअर ऑइलचा पातळ काळा राबडा ओघळत असेल तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलं आहे. सील स्वस्त असतं, मजुरी नाही, आणि उघडल्यावर किंगपिन बेअरिंगही बदलणंच शहाणपणाचं. मग इंजिन चालू, चाकं जमिनीवर, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश बघायचे. तिथे खेळ असेल तर वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाकं थरथरत सुटतात.

प्रॉपेलर शाफ्टच्या (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसपाशी, म्हणजे सांध्यापाशी लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत.

फोर बाय फोर चालवून बघा, पण पार्ट-टाइम (गरजेपुरती जोडायची) सिस्टिम कोरड्या डांबरावर लावू नका. वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो, तो फरक जिरवायला मधे डिफ नसतो, आणि सगळा ताण साखळीवर आणि शाफ्टवर येतो. मातीवर फोर हाय लावा, थांबून न्यूट्रलमध्ये लो लावा. दिवा लुकलुकत राहिला तर फोर व्हील जोडणारा अ‍ॅक्च्युएटर किंवा फोर्क अडकला आहे. वापर नसल्यानेही तो अडकतो. टोयोटाच्या काही पार्ट-टाइम गाड्यांच्या पुस्तिकेत महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर व्हीलमध्ये चालवायला सांगितलं आहे ते याचसाठी. लोमध्ये चढाला ताण देताना ‘खाड’ असा आवाज आला तर साखळी सैल होऊन दात सोडते आहे.

शेवटी पाणी आणि धूळ. सीट बेल्ट पूर्ण ओढा, टोकाशी गाळाची रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली ओल. एअर फिल्टर काढून त्याच्या पुढच्या, इंजिनकडच्या पाइपमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर ती टर्बोमधून आणि सिलिंडरमधून गेलेली आहे. ती गाडी घेऊ नका. स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) लावलेलं असेल तरीही हे तपासा, जोड नीट बंद नसले तर तिथूनच धूळ शिरते.

आडवाट

हिशोबी, कर्जाची बाजू ध्यानातच आली नव्हती. मुदत पाच वर्षं करतो. ग्रीसगन, खूप आभार. लिफ्ट आणि टायरबद्दल कोणी सांगेल का?

चिखलवाट

पैसे परत येत नाहीत असंच धरून चाला. बोल्टने लावलेलं सामान विकण्याआधी काढून वेगळं विका, गाडीबरोबर त्याला भाव मिळत नाही. त्यासाठी मूळ स्प्रिंग, शॉक, बंपर, चाकं नावनिशी जपून ठेवा. कापलेले फेंडर, वेल्ड केलेल्या पट्ट्या, जोडून लांबवलेल्या वायरी परत पूर्ववत होत नाहीत, आणि भाव पाडतात त्या या गोष्टी. विंचचा बंपर एअरबॅगच्या सेन्सरशी जुळणारा नसेल तर तोही त्यातच धरा.

दोन इंचांपर्यंतची लिफ्ट सहसा निभते. त्यापुढे कॅस्टर (पुढची चाकं सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग भरकटतं, शाफ्टचा कोन वाढून कंप येतो, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटतात, ब्रेकचे होज ताणले जातात.

टायर ३१ इंचांवरून ३३ वर गेले की घेर साडेसहा टक्क्यांनी वाढतो. ४.१० चं डिफ प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) व्यवहारात ३.८५ सारखं वागतं, गाडी चढाला मरगळते आणि क्लच लवकर जातो. मूळ ओढ परत हवी तर ४.३६ च्या आसपासचं प्रमाण लागतं. दोन्ही डिफमध्ये तेच घालावं लागतं, एकातच घातलं तर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस मोडते.

ज्या एका गोष्टीचे पैसे खरोखर परत येतात ती म्हणजे वही. ओढा ओलांडल्यावर ऑइल तपासल्याची तारीख, डिफ आणि ट्रान्सफर केसचं ऑइल बदलल्याची बिलं, चेसिसचे दर वर्षीचे फोटो. आणि ब्रीदरची नळी उंचावर नेऊन ठेवा, तेवढ्या छोट्या कामाने पुढचं मोठं काम टळतं.

आडवाट

एक गाडी बघितली आहे. ३३ इंची टायर, मूळ ३१ चे. मीटरवर ६०,०००. चेसिसला खालून नुकताच चकचकीत काळा अंडरकोट मारलेला आहे. पुढे काय करू?

ग्रीसगन

टायर पहिल्यापासून मोठे असतील आणि मीटर जुळवून घेतलेलं नसेल तर खरे किलोमीटर ६३,९०० च्या घरात. एवढा फरक किमतीत मागा आणि सर्व्हिसच्या तारखा त्यावर लावून बघा. टायरच्या बाजूला डीओटीचा चार अंकी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. त्यावरून टायर कधी लावले याचा अंदाज येतो.

विक्रीच्या तोंडावर मारलेला अंडरकोट मात्र मला मुळीच पटत नाही. मारण्याआधीचे फोटो मागा. नसतील तर चेसिसच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घालून पेटीची आतली बाजू बघा, तिथे कोणी रंग मारत नाही. मागच्या स्प्रिंग हँगरजवळ नाण्याएवढी जागा खरवडायची परवानगी विचारा. नाही म्हणाले तर दुसरी गाडी शोधा.