सोरॉरिटीत एकदम ७२ नव्या मुली: गट केवढे पाडावेत?

ओसरी: अमेरिकेतल्या सोरॉरिटीत (कॉलेजातल्या मुलींची सदस्य-संघटना) नव्या मुलींची जबाबदारी सांभाळणाऱ्यांना विचारायचंय. नव्या मुली ७२, इनिशिएशनपर्यंत (पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी) ६ आठवडे, आठवड्याला २ तासांची एकच बैठक. मुली येतात, आधीपासूनच्या मैत्रिणीला चिकटून बसतात, तशाच उठून जातात. आठ-दहा जणींच्या बॅचेस मात्र लगेच घट्ट होतात म्हणे. संख्या कमी करता येते का? नाहीतर गट केवढे करायचे?

रानवाट: संख्या विसरा. पॅनहेलेनिकच्या (सोरॉरिटींच्या एकत्रित मंडळाच्या) मुख्य भरतीतला क्वोटा, म्हणजे प्रत्येक शाखेने किती मुली घ्यायच्या ते, कॅम्पसवर ठरतो, एकट्या शाखेच्या मर्जीवर नाही. तुमच्या हातात आहे ते गट पाडणं.

८ जणींत जोड्या होतात २८, ७२ जणींत २,५५६. सगळ्यांची सगळ्यांशी मैत्री हा हट्टच सोडा. गप्पांचा एक घोळका चौघींपर्यंत टिकतो, पाचवी आली की फाटे फुटू लागतात. तरी गट ६ चे करा, म्हणजे १२ गट. कुणाची परीक्षा असते, कुणी मध्येच सोडते. चारातली एक गळली की उरलेल्या तिघींत एक हमखास बाजूला पडते; सहातल्या दोघी गेल्या तरी चौघी राहतात.

वसतिगृहांची यादी समोर घेऊन बसा. जुन्या मैत्रिणी वेगळ्या करा, पण एकाच इमारतीतल्या अनोळखी दोघी एका गटात टाका. परतीची वाट एक असली की रोजची दहा मिनिटं फुकटात मिळतात.

कडीपत्ता: सहाचं पटलं. फक्त दर आठवड्याला गट बदलू नका. नेहमीची चूक हीच. मग नाव, गाव, मेजर हेच सहा वेळा सांगून होतं, पुढे काही सरकत नाही. गट कायम ठेवा आणि बैठकीची शेवटची ४० मिनिटं दरवेळी वेगळा गट जोडून १२ जणींना एक काम द्या. स्वयंपाक, पोस्टर, काहीही. 'ओळख करून द्या' मात्र नको. सहा आठवड्यांत प्रत्येकीच्या वाट्याला गटातल्या ५ आणि बाहेरच्या ३६ येतात.

खरी अडचण तासांची आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासात नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत जायला सुमारे ५० तास लागतात असं दिसलं. तुमच्या बैठका मिळून १२ तास, त्यातही निम्मा वेळ नियम आणि घोषणा. गटागटाने आठवड्याला दोनदा जेवण आणि एकदा तीन तास अभ्यास ठेवलात तर आणखी ३० तास मिळतील. तरीही कमीच पडतात, म्हणून इनिशिएशननंतर गट मोडू नका.

पारंबी: छोट्या बॅचचं एवढं कौतुक नको. डेल्टा फाय ओमेगासारख्या (ह्यूस्टन विद्यापीठ, १९९८) दक्षिण आशियाई सोरॉरिटीत आपल्याकडच्या मुलीही जातात. तिथे एखादी बॅच पाच जणींची असली आणि दोघींचं बिनसलं, तर उरलेल्या तिघींना बाजू घ्यावी लागते. पळायला जागाच नसते.

आणि 'थोडा त्रास दिला की एकी होते' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मानसशास्त्रज्ञ ॲरन्सन आणि मिल्स यांच्या १९५९च्या प्रयोगात प्रवेश अवघड केल्यावर मुलींना तो गट जास्त आवडला, एवढंच. एकमेकींशी मैत्री झाली का, हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

ओसरी: आणि बिग-लिटल, म्हणजे कुठल्या नव्या मुलीला (लिटल) कुठली जुनी सदस्य (बिग) सांभाळणार, हे कधी जाहीर करायचं? पहिल्याच आठवड्यात चालेल?

कडीपत्ता: नको. चौथ्या आठवड्यात करा. आधी केलंत तर प्रत्येक जण आपल्या बिगच्या मागे जाते आणि सहाचा गट जमायच्या आत फुटतो.