ओली पार्टी, कोरडे घसे: दोन दिवसांच्या 'बसण्या'आधी पाण्याचं आणि दुसऱ्या दिवसाचं काय ठरवता?

तुषार्त (धागाकर्ता)

कॉलेजच्या मित्रांचा आमचा १४ जणांचा कंपू. दरवर्षी मेच्या सुरुवातीला एक शनिवार-रविवार अलिबागजवळ नागावला बंगला घेतो. गेल्या वर्षीची यादी अजून माझ्या फोनमध्ये आहे: बियरचे ४ केस, व्हिस्कीचे ३ खंबे, रमचा १, सोडा २४ बाटल्या, खारे दाणे २ किलो, फरसाण, कोळसा, पत्त्यांचे २ कॅट. अगदी शेवटी, पाण्याचा जार, नग १. त्यापुढे कंसात 'तिथे मिळेल बहुतेक'.

रात्री साडेअकराला जार रिकामा. दुकानं कधीच बंद झालेली, विहिरीचं पाणी मचूळ. पहाटे तीनला जीभ टाळूला चिकटून जाग आली, तेव्हा फ्रीजमध्ये फक्त सोडा होता. तोंड न धुता प्यायलेला सोडा कसा लागतो ते लिहीत नाही. रविवारी समुद्रावर एकही जण गेला नाही. दुपारी शेजारच्या खाणावळीतून सुरमईची १४ ताटं आली आणि त्यातली ९ तशीच परत गेली. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त पैसे पूर्ण घेतले.

या वर्षी व्यवस्था माझ्या गळ्यात आहे. तुम्ही पाणी किती नेता, कोण बघतं, सकाळी काय खाता? स्वतःचे अनुभव लिहा. 'पिऊच नका' हे आमच्या बायकांनी सांगून झालंय. न पिणाऱ्यांनी मात्र जरूर लिहा, तमाशा शुद्धीत बघणारे तुम्हीच.

वजाबाकी

मी आमच्या गटाचा खजिनदार, त्यामुळे आधी आकडे. मे महिना, समुद्रकाठ, दिवसभर घाम: माणशी रोज ४ लिटर धरतो. १४ जण, २ दिवस, म्हणजे ११२ लिटर. २० लिटरचे ६ जार घ्या. महाग वाटले तर एका खंब्याच्या किमतीशी ताडून बघा.

पण नुसते जार आणून भागत नाही. दोन वर्षं आम्ही जार स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवायचो. रात्री दहानंतर वाकून जार तिरका करण्याची कोणाची टाप नसते. आता जार बैठकीतच, स्टुलावर, वर दाबायचा पंप. आणि प्रत्येक बाटलीशेजारी एक भरलेला तांब्या. हात आपोआप जातो. सांगावं लागत नाही, आणि सांगितलेलं कोणाला आवडतही नाही.

बर्फाची एक गोष्ट. एकदा बर्फ संपला म्हणून आमचा एक हिरो बंदरावरून अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. चौथ्या घोटाला कोणीतरी म्हणालं, "बांगडा तळताय का रे?" ग्लासात तळाशी खवला होता. मासे ठेवायचा बर्फ पिण्यासाठी नसतो, हे बी. कॉम. झालेल्या माणसाला कळायला रविवारचा अख्खा दिवस आणि एकुलता एक संडास लागला.

अर्धा चमचा मीठ

पेशाने डॉक्टर, सवयीने शनिवारी एक पेग. वरचा हिशोब ठीक आहे, थोडी भर घालतो.

दारू पोटात गेली की लघवी आवरून धरणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक दबतं. म्हणून तिसऱ्या पेगनंतर बाथरूमला रांग लागते आणि पहाटे जीभ टाळूला. पण पाणी प्यायल्याने दारू 'उतरत' नाही. ती यकृत आपल्या गतीने उतरवतं, ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही ती गती वाढत नाही. आणि सकाळचं डोकं सगळं पाण्याअभावीच दुखतं असंही नाही. मोडकी झोप आणि चिडलेलं पोटही त्यात असतं.

आता ग्रॅम कसे मोजायचे. ३० मिलीच्या एका स्मॉल व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१. "मी काय, फक्त बियर" म्हणत दोन बाटल्या रिचवणारा गडी आठ स्मॉल मारून बसलेला असतो. माझ्याकडे हे वाक्य ऐकवणारे पुष्कळ येतात.

ओआरएस न्या, पण नीट. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच. अर्ध्या ग्लासात घोळून 'शॉट' मारू नका. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेच्याच पाण्यावर वाचवलं होतं, तेव्हा घरच्या पाण्याला कमी लेखू नका. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' लिहायला एफएसएसएआयने (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी बघून घ्या. रक्तदाबवाल्यांनी मिठाचं पाणी ढोसत बसू नये, साधं प्यावं.

'सकाळी डोकं नको धरायला' म्हणून रात्रीच पॅरासिटामॉल घेऊन झोपणारे बरेच आहेत. नका घेऊ, आधीच राबणाऱ्या यकृतावर आणखी ओझं कशाला.

आणि कोणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठच्या खाली किंवा मध्येच थांबत असेल, अंग गार, ओठ निळसर असतील, तर 'झोपू दे त्याला' म्हणू नका. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ लावा.

रंकाळ्याचा वारा

डॉक्टर, ते ग्रॅम-बिम ऱ्हाऊ दे. आमच्यात जेवान आधी. साडेसातला वाटीभर पांढरा रस्सा, दोन भाकरी, मटणाचे चार तुकडे, मग बूच उघडायचं. तुमचं पुण्या-मुंबईचं उलटं: रात्री एकला गार झालेली बिर्याणी उकरत बसायचं, निम्मी ताटातच. रिकाम्या पोटावर दाणे-फरसाण म्हणजे मिठानं तहान वाढवायची आणि ती व्हिस्कीनं भागवायची. घ्या आता.

अर्धा चमचा मीठ

@रंकाळ्याचा वारा, +१. पोटात अन्न असलं की दारू रक्तात सावकाश जाते. तुमचा पांढरा रस्सा वैद्यकीयदृष्ट्या मंजूर.

सातजणींतली एक

बायकांचे अनुभव कोणी लिहीत नाही म्हणून मी. आम्ही ठाण्याच्या सातजणी, एप्रिलमध्ये दक्षिण गोव्यात. उराकचे दिवस. काजूच्या रसाची पहिल्या धारेची, फेणीपेक्षा सौम्य, त्यात लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. सरबतासारखी लागते, तोच घोळ. सकाळी अकरापासून सरबत म्हणूनच प्यायलो, उन्हात, पाण्याचा घोट नाही. दीडच्या सुमारास आमच्यातली एक उभी राहिली आणि माडाच्या बुंध्याला धरून सावकाश खाली बसली, जणू कोणी हवा काढली. चेहरा पांढरा, घाम थांबलेला. सावलीत आडवं केलं, ओले टॉवेल मानेवर आणि काखेत, घोटघोट पाणी. वीस मिनिटांनी तिने पहिलं वाक्य म्हटलं, "माझी चप्पल कुठाय?" तेव्हा आम्ही रडायच्या थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई न विचारता पातेलं घेऊन आल्या. उकड्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा, बाजूला खाऱ्यातल्या आंब्याची फोड. "मातशी पेज जेव गो बाय." पाणी, मीठ, पिष्ट, सगळं एका वाडग्यात, आणि कितीही मळमळत असलं तरी घशाखाली उतरतं. तेव्हापासून आमच्या यादीत उकडे तांदूळ १ किलो असतात. रात्री झोपायच्या आधी जी सगळ्यात शुद्धीत असेल तिने भिजत घालायचे. दोन वर्षं तो मान माझाच.

स्टिअरिंगवाला

न पिणारा. म्हणून कायमचा ड्रायव्हर, कायमचा फोटोग्राफर, आणि हिशोबात दारूचाही समान वाटेकरी. (हा वेगळा धागा होईल.)

माझं दुखणं रविवार सकाळचं आहे. गेल्या पावसाळ्याआधी दिवेआगरला दोन गाड्या होत्या. दुसऱ्या गाडीचा मालक रात्री आठ ते एक, सहा लार्ज. सकाळी सातला दाढी करून, चहा पिऊन, "एकदम फ्रेश" म्हणत किल्ली फिरवायला लागला. वरच्या डॉक्टरांचा हिशोब लावा: सहा लार्ज म्हणजे बारा स्मॉल, म्हणजे १२० ग्रॅम. पहिल्या घोटापासून मोजलं तरी १२ ते १७ तास, म्हणजे सकाळी ८ ते दुपारी १ मध्ये कधीतरी शरीर कोरं होणार. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि समोर ताम्हिणी घाट. मी किल्ली घेतली आणि माझ्या खिशात टाकली. दोन तास बोलणं बंद. मग सगळे पुन्हा झोपले, जेवून तीनला निघालो. घाटात दोघांना ओकाऱ्या झाल्याच, पण निदान मागच्या सीटवर. तेव्हापासून बंगला सोमवार सकाळपर्यंत घेतो. एका रात्रीचं भाडं जास्त जातं, जाऊ दे.

पन्नाशीतला गोड

आमच्या वयोगटासाठी. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू. दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याला मी जेवण टाळून गप्पा मारत बसलो. साडेअकराला घाम, हात थरथर, बोलणं लडबडलं. सगळे खूश, "चढली रे चढली!" कोणीतरी गाणंही सुरू केलं. एकाच मित्राच्या लक्षात आलं की मी दोनच पेग घेतलेत. त्याने माझ्या बॅगेतलं साखर मोजायचं यंत्र काढून बोटाला टोचलं: ५२, म्हणजे फारच कमी. मी शुद्धीत होतो म्हणून ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर घालून पाजली, वर पोळीचा रोल. पंधरा मिनिटांत माणसात आलो. उपाशीपोटी दारू घेतली की यकृत साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं, हे मला नंतर कळलं. आता निघायच्या आधीच गटावर लिहितो: माझी पिशवी निळी, यंत्र पुढच्या कप्प्यात, आणि मी झिंगलेला दिसलो तर आधी साखर बघा, मग हसा.

म्युनिकहून बंड्या

इथे ऑक्टोबरफेस्टला देशातून पाहुणे येतात आणि मी यजमान. एक मास म्हणजे पूर्ण लिटर, बियर ६ टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांच्या भाषेत जवळपास ४७ ग्रॅम. तंबूत पाणी विकत घ्यावं लागतं, म्हणून आपले लोक ते घेत नाहीत, बियर घेतात. मी मेट्रोत बसायच्या आधीच प्रत्येकाच्या पोटात अर्धा लिटर पाणी आणि थालीपीठ घालतो. दुसऱ्या सकाळी जर्मन लोक जे खातात त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'बोक्याची न्याहारी': व्हिनेगरमधला हेरिंग मासा आणि खारवलेल्या काकड्या. माझ्या मेहुण्याने एक घास खाल्ला आणि ताक मागितलं.

तुषार्त (धागाकर्ता)

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफी.

६ जार, पंप, तांबे, सगळं बैठकीत. जेवण आठला, खाणावळीला आदल्या दिवशीच सांगितलं. त्यावरून भांडण झालं, कारण दोघांच्या मते 'जेवण झालं की मूड जातो'. मूड गेला नाही. बियर मात्र दीड केस परत आली. पहाटे तीनला मला जाग आलीच, पण उशाशी तांब्या होता. सकाळी पेज केली. पहिल्या पातेल्याला करपल्याचा वास लागला, दुसरं जमलं. रविवारी नऊ जण समुद्रात उतरले, पाच जण काठावर झोपले. सुरमईची १४ ताटं रिकामी परत गेली आणि काकूंनी विचारलं, "गेल्या वर्षी काय साथबिथ आली होती का तुमच्यात?"

सहावा जार उरला. निघताना त्या पाण्याने सगळ्यांनी पायाची वाळू धुतली. पंप तेवढा कोणीतरी ढापलाय. गटावर विचारलं, १३ निळ्या खुणा आल्या, उत्तर एकही नाही.