मदत हवी आहे: सोयाबीनच्या भावाचं प्रमाण विचलन कसं काढायचं?

राम राम मंडळी. परभणीच्या मोंढ्यात आमची आडत आहे, हिशेब मी बघतो. बी.कॉम.ला संख्याशास्त्र होतं, पण पास होण्यापुरतं. माल ठेवायचा की काढायचा हे नुसत्या अंदाजावर नको, म्हणून आता मुळापासून शिकतोय.

सरासरी आणि मध्यक (भाव चढत्या क्रमानं लावले की मधोमध येणारा) कळलं. समजा पाच सौद्यांचे भाव ४२००, ४२५०, ४१८०, ४९०० आणि ४२२०. सरासरी येते ४३५०, आणि पाचातल्या चौघांना तेवढा भाव मिळालेलाच नाही! ४९०० चा तो बियाण्याचा माल, त्यानं सगळं वर ओढलं. मध्यक ४२२० येतो, तो मला खरा वाटतो. वडील मात्र सरासरीवरच अडून आहेत.

गाडी अडलीय ती पुढे, प्रमाण विचलनावर, म्हणजे भाव सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्या मापावर. एक्सेलमध्ये त्याचे दोन फॉर्म्युले आहेत. एकात नोंदींच्या संख्येनं भागतात, दुसऱ्यात त्यातून एक वजा करून. नमुना, म्हणजे सगळ्यातल्या काहीच नोंदी, असेल तर दुसरा वापरा म्हणतात. पण माझ्याकडे हंगामातल्या सगळ्याच दिवसांचे भाव आहेत, मग त्याला नमुना म्हणायचं का?

दुसरं, जोखीम मोजायला विचलन थेट भावावर काढायचं की रोजच्या टक्केवारी बदलावर? भाव हंगामभर सावकाश चढत गेला तरी पहिल्या पद्धतीत आकडा फुगतोच. गोदाम भाडं आणि व्याज धरून निर्णय घ्यायचाय, त्यामुळे इथं चुकलं तर पुढचं सगळंच चुकणार.

कुणी बाजारभावाचं उदाहरण घेऊन सांगाल का? नाणेफेक आणि फासे नकोत, ते फार झाले. मराठीतून शिकवणारं काही माहीत असेल तर तेही कळवा.