तीन तिघाडा? तिघांच्या बँडमधले अनुभव

म्हण काहीही म्हणो, क्रीम, रश, पोलीस या रॉक बँडांत सगळी तिघांचीच मंडळी. झीझी टॉपमध्ये १९७० पासून २०२१ मध्ये बेसवादक डस्टी हिल वारला तोवर तेच तिघे वाजवत होते. म्हणजे जमलं की पार जमतं. न जमल्याच्या गोष्टीही कमी नसणार. रॉक, जॅझ, काहीही असो, तिघांत वाजवताना काय आवडतं आणि काय छळतं ते लिहा. वाद्य आधी सांगा. नावं नकोत, भांडणं चालतील.

गिटार

पाच जणांच्या बँडमधून तिघांत आलो. पहिला धक्का सोलोला बसला. पूर्वी मी सोलो घ्यायचो तेव्हा मागे दुसरी गिटार आणि कीबोर्ड कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून असायचे. इथे मी वरच्या पट्टीत गेलो की खाली बेस, कडेला ड्रम आणि मधे सगळं ओसाड. आधी वाटलं, डिस्टॉर्शन (आवाजाला मुद्दाम आणलेला फाटकेपणा) वाढवलं की जागा भरेल. होतं उलटंच. जास्त गेनमध्ये (म्हणजे अँपमध्ये सिग्नल जास्त चढवला की) कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात, नुसता गुरगुराट उरतो. गेन निम्म्यावर आणला आणि हात जोरात मारला, तर तीच गिटार मोठी वाटते.

आता सोलोत शक्य तिथे एक खुली तार वाजती ठेवतो. गाणं ई किंवा ए या पट्टीत असेल तर हे फारच सोपं. नाहीतर दोन-दोन स्वर जोडीने घेतो, किंवा दोन ओळी सोलो आणि मधे एक कॉर्डचा फटका. पोलीसच्या अँडी समर्सचं वाजवणं याच कानाने ऐकून बघा. इको आणि फ्लँजर हे इफेक्ट लावून मोकळे कॉर्ड पसरायचे आणि मग गप्प बसायचं. त्याचं ते गप्प बसणं मला अजून साधत नाही.

मजा एवढीच की जे वाजवतो ते ऐकू येतं. पाच जणांत मी निम्मी संध्याकाळ उगाच हात हलवायचो.

बेस आणि गायन

बेस वाजवत गाणं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. गिटार वाजवत गाताना हात ठेका धरतो आणि गळा त्याच्यावर तरंगतो. बेसमध्ये हाताची चाल वेगळी आणि गळ्याची वेगळी, त्यात शब्दाचा आघात नेमका दोन स्वरांच्या मधे येतो.

माझी पद्धत अशी: आधी बेसची ओळ इतकी घोटायची की दुसऱ्याशी गप्पा मारता मारता वाजेल. मग गाणं गायचं नाही, नुसते शब्द बोलायचे, अगदी संथ. जिथे अडखळतं तिथे कुठलं अक्षर कुठल्या स्वरानंतर येतं ते कागदावर मांडायचं. एवढं करूनही अडलं तर कडव्यातली ओळ सोपी करायची आणि सगळी नक्षी दोन ओळींच्या मधल्या जागेत टाकायची. श्रोत्यांना फरक कळत नाही. (बेसवाल्यांना कळतो, पण ते मागे हाताची घडी घालून उभे असतात, त्यांचं सोडा.)

रशचा गेडी ली बेस वाजवायचा, गायचा, कीबोर्ड सांभाळायचा आणि वर पायाने पेडलवर खालचे स्वरही द्यायचा. असली माणसं बघितली की हुरूपही येतो आणि रागही.

तोटा म्हणजे माईक सोडता येत नाही. तोंड माईकवर असताना बाराव्या घरावर उडी मारायची तर मान वळवता येत नाही, हात अंदाजाने टाकायचा. बाकीचे दोघे स्टेजभर हिंडतात, मी खुंटाला बांधलेला.

ड्रम

माझी तक्रार लॅपटॉपबद्दल आहे. आमच्या गिटारवाल्याला आवाज 'भरलेला' हवा, म्हणून त्याने मागे कीबोर्डचे ट्रॅक लावायला सुरुवात केली. ट्रॅक म्हणजे क्लिक (ठेका दाखवणारी टकटक), आणि क्लिक माझ्याच कानात. तिघांत वाजवायचा सगळ्यात मोठा फायदाच त्यात गेला. गायिका एक माप (ठेक्याची एक फेरी) आधी आली तर आम्ही दोघे एका नजरेत तिच्याबरोबर उडी मारतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लॅपटॉप कुणाकडे बघत नाही.

सोलोच्या वेळी हायहॅट (झांजांची जोडी) सोडून राइड या मोठ्या झांजेवर जा, तेवढ्याने बरंच भरतं. क्रॅश झांज मात्र जपून, तिचा आवाज गिटारच्याच वरच्या भागात घुसतो.

आणि हो, सामान. चौघांत दोघे ड्रम उचलायला यायचे. तिघांत गायिकेचा घसा नेमका तेव्हाच बसतो.

पियानो, जॅझ

आमच्याकडे तिघं म्हणजे काटकसर नाही, जुना रिवाज आहे. पियानो, बेस, ड्रम. नॅट किंग कोलच्या त्रयीत तर ड्रमही नव्हते, पियानोबरोबर गिटार आणि बेस. ऑर्गनवाल्यांचं आणखी वेगळं. जिमी स्मिथ बेसची चाल स्वतःच डाव्या हाताने आणि पायाने चालवायचा, त्यामुळे बेसवादकाची गरजच उरायची नाही.

मला तिघांत वाजवणं कळलं ते बिल एव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बेस) आणि पॉल मोशन (ड्रम) यांच्या २५ जून १९६१ च्या न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या ध्वनिमुद्रणांवरून. त्यात बेस मागे चालत राहत नाही, मधेच बोलतो, पियानोला उत्तर देतो, कधी अडवतोही. लाफारो त्यानंतर अकरा दिवसांत मोटार अपघातात गेला, वय अवघं पंचवीस.

ते ऐकून मी डाव्या हाताने मूळ स्वर वाजवणं बंद केलं. तो स्वर बेसकडे आहे, आपण कशाला? कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर धरला की काम होतं. डावा हात रिकामा झाल्यावर पहिल्यांदा जाणवलं की बेसवादक इतके दिवस काहीतरी म्हणत होता.

तोटा विचाराल तर, दम घ्यायला जागा नाही. सॅक्सोफोनवाला असला की त्याच्या सोलोत आपण हलकेच कॉर्ड टाकत बसतो. इथे बेसचा सोलो येईपर्यंत सुटका नाही.

साउंड मिक्सरच्या मागून

मी वाजवत नाही, पण तिघांचा बँड आला की खूश होतो. चॅनल थोडे, जागा भरपूर. बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला, गिटारची ८२ ला, गायकाला मधला पट्टा मोकळा मिळतो. बेसवाल्याने सिग्नल दुभागून दिला तर आणखी बरं: खालचा भाग स्वच्छ ठेवायचा, वरचा डिस्टॉर्ट करायचा. गिटार सोलोला गेली की तो वरचा भाग थोडा वाढवतो, झालं काम.

खटकतं ते एकच. पोकळी भरायला तिघेही आवाज वाढवतात. आधी गिटार, मग तिला पुरं पडायला बेस, मग ड्रमर जोरात. लक्षात ठेवा, ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. सरावाच्या छोट्या खोलीत एवढा आवाज सहज होतो. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळे स्वर साधारण सारखेच कमी करतात. कापसाचे बोळे घालू नका, त्याने फक्त झांजा जातात.

ड्रम, दोन सख्ख्या भावांबरोबर

तिघांत मतदान सोपं, दोन विरुद्ध एक, असं म्हणतात. माझ्याबरोबर दोन सख्खे भाऊ आहेत. ते भांडतात तेव्हा मी मधे, दोघेही रात्री वेगवेगळा फोन करून तेच सांगतात. समेट झाला की दोघे मिळून माझ्या लयीच्या वेगावर घसरतात.

शेवटी नियम केला: ज्याने गाणं आणलं, त्या गाण्यात त्याचा शब्द शेवटचा. मतदान फक्त कार्यक्रम घ्यायचा की नाही यावर. तेव्हापासून सराव वेळेत संपतो. पैशाचे मात्र सरळ तीन भाग, त्यावर चर्चाच नाही. तिथे चर्चा सुरू झाली की काय होतं ते मी आधीच्या बँडमध्ये पाहिलंय.

खरी भीती आजारपणाची. धाकट्याचं मनगट दुखावलं तेव्हा ओळखीचा चांगला बेसवाला बोलावला. स्वर सगळे बरोबर, पण कुठे थांबायचं, कुठे लांबवायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते आमच्या तिघांतच होतं. निम्मी गाणी वगळावी लागली. आता प्रत्येक गाण्याचं एक साधं ध्वनिमुद्रण आणि रचनेचा कागद ठेवतो.

गिटार, तिघांतून चौघांत गेलेली

निर्वाणा या तिघांच्या रॉक बँडनेही १९९३ मध्ये दौऱ्यांसाठी पॅट स्मिअरला दुसऱ्या गिटारवर घेतलं होतं, हे उदाहरण देऊनच आमच्यात चौथा आणला. सोलो आता निर्धास्त घेते, हे कबूल. पण पूर्वी शेवट रंगला तर मी ड्रमरकडे बघायचे आणि आम्ही आणखी चार फेऱ्या मारायचो. आता ते आधी ठरवावं लागतं, कारण चौथ्याचं लक्ष त्याच्या इफेक्टच्या पेडलांकडे.

मधला मार्ग म्हणून दोन गाण्यांत तो गिटार ठेवून टँबरीन वाजवतो. हल्ली लोक नेमकी तीच दोन गाणी पुन्हा मागतात, आणि हे त्याला कोण सांगणार यावर आमचं तिघांचं अजून एकमत नाही.