मदत हवी आहे: पिल्लू आमच्यासमोर शू करेनासं झालंय, लपून करतं

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. नुसतं "पिल्लू घरात घाण करतं" एवढ्यावर उत्तर देणं कठीण जाईल, आणि आमची खरी अडचण ती नाहीच.

आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि तिसरीतली लेक. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात जिन्याखाली मीटरच्या पेट्यांपाशी एक गावठी पिल्लू थरथरत बसलेलं दिसलं. दोन दिवस त्याच्या आईची वाट पाहिली. ती आली नाही, मग वर आणलं. डॉक्टरांनी दात बघून सहा आठवड्यांचं असेल असं सांगितलं, म्हणजे आता साधारण दहा आठवड्यांचं. मादी आहे. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून लेकीनं नाव ठेवलं खारी. जंतांचं औषध चालू आहे, पहिली लस झाली आहे. लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर किंवा सोसायटीच्या आवारात खाली ठेवायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. त्यामुळे शी-शूला जागा म्हणजे आमची गॅलरी.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. निम्म्या वेळा ती तिथे करायची, निम्म्या वेळा हॉलमध्ये. मला त्याचं काही वाटत नव्हतं. लेकीची दुपटीही रोज धुतलीच की.

मग एका सकाळी ते झालं. सासूबाई चातुर्मासात रोज पोथी वाचतात. त्या आंघोळीला गेल्या आणि खारीनं त्यांच्या आसनावर शू केली. नवऱ्यानं तिला मानेला धरून उचललं, त्या ओल्या आसनावर तिचं नाक घासलं आणि जोरात ओरडला. त्याच्या गावी पिल्लांना असंच शिकवायचे, त्याला दुसरी रीत माहीतच नव्हती. आणली त्या पहिल्या रात्री खोक्यात हात घालून पहाटेपर्यंत जागा राहिला होता तो हाच माणूस. हे मुद्दाम लिहिते आहे, कृपया त्याला वाईट ठरवू नका.

त्या दिवसापासून खारी बदलली. आता ती दिवाणाखाली भिंतीला लागून जाते आणि तिथे करते. मी गॅलरीत पंधरा-पंधरा मिनिटं तिच्यासोबत उभी राहते. ती कान मागे पाडून माझ्याकडे बघत राहते, करत काहीच नाही. आत आणून मी पाठ वळवली की दोन मिनिटांत दिवाणाखाली ओलं. परवा तर हॉलच्या कोपऱ्यात बसली होती, शू सुरू झाली होती, तेवढ्यात नवरा आतून आला. तिनं मध्येच थांबवली आणि पळाली. दिवाणापर्यंत थेंबांची रांग होती. ते थेंब पुसताना मला रडू आलं.

आता मी काय करू? झालेली भीती जाते का, की आता कायमची बसली? मी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जाते, तेव्हा दुपारी घरी फक्त सासूबाई असतात आणि त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना धावपळ जमत नाही. आणखी एक. लादी मी दिवसातून चार वेळा फिनेलनं पुसते, तरी ती त्याच त्याच जागी का जाते? मला तिला मारून, घाबरवून काहीही शिकवायचं नाही. वेळ लागला तरी चालेल.

प्रतिसाद, सांगलीहून

ताई, आधी धीर धरा. दहा आठवड्यांचं पिल्लू आहे, भीती नक्की जाते. माझ्याकडे आजवर तीन गावठी कुत्री वाढली आणि तिसरं घरी आलं तेव्हा अगदी असंच दाराआड लपून करायचं.

तिला काय कळलंय ते बघा. "आसनावर शू करायची नाही" हे तिला कळलेलं नाही. "माणूस जवळ असताना शू केली की माणूस अंगावर येतो" हे कळलंय. म्हणून ती गॅलरीत तुमच्याकडे बघत थांबून राहते आणि तुम्ही पाठ वळवली की सुटका करून घेते. तिच्या बाजूनं ती शहाण्यासारखंच वागते आहे. आता तिला उलटं पटवायचं: माणूस जवळ असताना केली की काहीतरी छान मिळतं.

गॅलरीत तिच्यासमोर उभं राहू नका. खाली बसा, अंग तिरकं ठेवा, नजर रस्त्याकडे. मी तर हातात शेंगा घेऊन सोलत बसायचो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून लक्ष ठेवायचं. ती बसली तरी गप्प राहायचं. करत असताना "शाब्बास" म्हणालात तर पिल्लू अर्ध्यात थांबून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली आत येऊन करतं. पूर्ण झाली, ती उठली, की लगेच, तिथल्या तिथे, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. आत आणून दिलात तर तिला वाटेल आत आल्याबद्दल मिळाला.

दहा मिनिटांत केली नाही तर आत आणा, पण मोकळी सोडू नका. मांडीवर घ्या, नाहीतर हलका पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या. तिसऱ्या फेरीला होतेच.

वेळा ठरलेल्या असतात. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, आणि खेळ रंगात आला असताना मध्येच. खेळता खेळता जमीन हुंगत गोल फिरायला लागली की उचलाच. अंदाज असा असतो की जितके महिने वय तितके तास, अधिक एक. म्हणजे खारी फार तर तीन-साडेतीन तास धरू शकेल, तेही झोपेत. जागी असताना तासाला एक फेरी धरून चाला.

दिवाणाखालची जागा आजच बंद करा. बॅगा, उशा, जे असेल ते कोंबा. तिथे सतरंजी वगैरे गुंडाळून ठेवली आहे का? पिल्लांना या वयात पायाखालच्या स्पर्शाची सवय लागते. एकदा मऊ कापड आवडलं की ती आसन, पायपुसणं, गोधडी हेच शोधते.

आणि फिनेल बंद. तुमच्या नाकाला स्वच्छ वाटतं, तिच्या नाकाला खालचा वास येतच राहतो. शिवाय ओल्या फिनेलवर चालून पिल्लू पंजे चाटतं, ते विषारी आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात शूचे डाग काढायचं एन्झाइमवालं द्रावण मिळतं, ते ओतून सांगितलेला वेळ तसंच ठेवायचं, मग पुसायचं. ते मिळेपर्यंत पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास शूसारखाच येतो.

प्रतिसाद, साताऱ्याहून

आमच्याकडे मळ्यावर सगळी कुत्री नाक घासूनच शिकली. एवढं मनाला लावून घेऊ नका, जनावर विसरतं.

प्रतिसाद, सांगलीहून

दादा, मळ्यावरच्या कुत्र्याला दार उघडं असतं. आपण ओरडलो की ते लांब जातं, शेतात करतं, आणि आपल्याला वाटतं शिकलं. फ्लॅटमध्ये लांब जायला दिवाणाखालीच जागा असते.

प्रतिसाद, रत्नागिरीहून

दोन-तीन गोष्टी तब्येतीच्या. दिवसात किती वेळा करते ते मोजा. थोडी थोडी, सारखी सारखी, कुंथून करत असेल किंवा शूत लालसर दिसलं तर लघवीचा संसर्ग असू शकतो, माद्यांमध्ये तो होतो. मग शिकवणं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे. तसंच कोणी घरी आल्यावर आनंदानं किंवा कोणी वरून वाकल्यावर आपोआप थेंब गळत असतील तर त्याला काही बोलू नका. ते तिच्या ताब्यात नसतं, वाढत्या वयात बहुधा जातं.

दूध-पोळी देता का? बहुतेक घरांत तेच दिलं जातं. आईचं दूध सुटलं की बऱ्याच पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, शी पातळ होते आणि पातळ शी कोणालाच धरवत नाही. खाणं दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी. भांडं भरून ठेवून देऊ नका. पाणी मात्र कमी करायचं नाही. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणारे लोक मी पाहिले आहेत, आमच्या शेजारच्या पिल्लाला त्यापायी सलाईन लावावं लागलं.

डॉक्टर खाली सोडू नका म्हणतात ते नीट पाळा. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार, त्याचा विषाणू शीतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं पसरणाऱ्या लेप्टो तापाचा धोका वेगळा. कडेवर घेऊन मात्र रोज खाली फिरवा, रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्र्या, सगळं तिला आत्ताच बघू दे.

प्रतिसाद, ठाण्याहून

गॅलरीत पाऊस आत येतो का? आमच्याकडे तीच भानगड होती. वर्तमानपत्र भिजून लगदा व्हायचा आणि पिल्लू त्यावर पाय ठेवायला तयार नव्हतं. आम्ही रोपवाटिकेतून लॉनचा एक तुकडा आणला, पसरट ट्रेमध्ये ठेवला आणि वर छपरासारखं प्लॅस्टिक बांधलं. पुढे खाली न्यायला लागलो तेव्हा गवताची सवय आधीच होती. वर्तमानपत्राचा आणखी एक तोटा म्हणजे जमिनीवर पडलेला प्रत्येक कागद पिल्लाला आपला वाटतो. तुमची लेक खाली बसून अभ्यास करत असेल तर वह्या सांभाळा.

सासूबाईंसाठी: त्यांच्या खुर्चीजवळच दुमडती जाळी लावून छोटं अंगण करा. एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला ट्रे. पिल्लू झोपायच्या जागेत सहसा करत नाही. त्यांना उठावं लागणार नाही, फक्त खाऊचा डबा हाताशी ठेवा.

धागाकर्ती, दहा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. जे झालं ते लिहिते.

त्याच रात्री दिवाणाखालून जुनी सतरंजी काढली. सांगलीकरांनी न बघता ओळखलं. दूध बंद केलं, तिसऱ्या दिवशी शी बांधून आली. डॉक्टरांनी तपासलं, संसर्ग नाही. लॉनचा ट्रे कल्याणहून आणला, त्याखाली तिच्या शूचा भिजलेला कागद ठेवला.

पहिले तीन दिवस मी बसलेली असताना काहीच घडलं नाही. मी रस्त्याकडे बघत मटार सोलत बसायची आणि ती दाराला चिकटून. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मला बसू दे." पाटावर बसल्या, पाय लांब केले, आणि लेक तान्ही असताना तिला पायांवर बसवून म्हणायच्या तसं हळू आवाजात "शूऽऽ, शूऽऽ" म्हणत राहिल्या. खारीनं कान टवकारले. ट्रेभोवती दोनदा फिरली, मागचे पाय वाकवले आणि केली. पूर्ण. सासूबाई तिचं होईस्तोवर एक शब्द बोलल्या नाहीत, मग चिकनच्या तुकड्याला कधी हात न लावणाऱ्या त्या बाईनं पदरातून चण्याएवढा पनीरचा तुकडा काढून दिला. आता घरात सगळे तोच आवाज काढतो. दुपारची जाळी आणि डबा पूर्णपणे त्यांच्या ताब्यात आहे. आसन त्यांनी स्वतः धुतलं, पोथी वाचताना ते पाटावर घालतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लेक खुणा करते. पहिल्या दिवशी अकरा वेळांतल्या दोन गॅलरीत होत्या. काल बारापैकी नऊ. रात्री अकराला आणि पहाटे साडेतीनला गजर लावून नेते, दिवा लावत नाही, खेळवत नाही, पुन्हा झोपवते.

नवऱ्याचं राहिलं होतं. त्याला बघितलं की ती ट्रेवरून उतरायची. त्याच्या ते फार मनाला लागलं होतं, पण त्यानं तिला ओढून जवळ घेतलं नाही. रोज रात्री तो गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि मागे हात करून तळहातावर पनीर ठेवायचा. सुरुवातीला ती यायचीच नाही. मग मान लांब करून घ्यायची आणि पळायची. आज पाऊस कोसळत होता, प्लॅस्टिकवर ताशा वाजल्यासारखा आवाज होता. तो तसाच बसला होता. खारी ट्रेवर चढली, एकदा त्याच्या पाठीकडे बघितलं, आणि बसली. मी दारातून त्याला खूण केली. तो वळला नाही. तिचं झाल्यावर ती स्वतःहून त्याच्या मागे गेली आणि तळहात चाटून पुसून स्वच्छ केला.

ठाणेकरांना एक विचारायचं होतं: लॉनचा तुकडा किती दिवसांनी बदलता? आमचा कडेनं पिवळा पडायला लागलाय.